दुप्पट मात्रा

तबेलेवाल्याला एकाच गोष्टीचा तोरा होता. त्याच्या वडिलांच्या काळात जंतांवर कडू पाला कुटून पाजायचे आणि शिंगरं पोट फुगून पटापट मरायची. कारभार हाती येताच यानं पाला उकिरड्यावर फेकला, औषधाच्या ट्यूब आणल्या आणि दर दोन महिन्यांनी लहानमोठ्या सगळ्या घोड्यांच्या तोंडात पिळल्या. शिंगरं जगू लागली. मग वडिलांना त्यानं जन्मभर चिडवलं, आणि खरं सांगायचं तर तो त्याचा हक्कच होता.

आता लेक हाताशी आली होती. शिकून आली ती थेट लिदीत हात घालायला. भिंगरी नावाचं शिंगरू खोकू लागलं, पोट सुटलं, केस राठ झाले, तेव्हा ती लीद तपासून घेऊन आली.

"बाबा, आपल्या औषधाला हे जंत दाद देत नाहीत. डॉक्टरांना बोलावते, दुसरं काहीतरी द्यावं लागेल."

"माझं औषध फसलेलं कधी पाहिलंस? थोडं थांब."

लेक थांबली. वडिलांचा शब्द तिला मोडवेना.

भिंगरी आईच्या पोटाशी मान खाली घालून उभी होती, दूध ओढत नव्हती. म्हाताऱ्या तबेलेवाल्यानं तिचं डोकं वर धरलं, दुप्पट मात्रा जिभेवर पिळली आणि गळा चोळत चोळत गिळवली. एवढ्या मायेनं त्यानं पोटच्या पोरीलाही कधी औषध पाजलं नसेल.

आठवडा उलटायच्या आत भिंगरी मेली. डॉक्टरांनी अंगणातच पोट उघडलं. आतडं जंतांनी ठासून भरलं होतं. पांढरे, वीतभर, जिवंत. पलीकडे घोडी दारावर खूर आपटत होती.

"औषध कमी पडलं का?" त्यानं विचारलं.

"जास्त झालं, काका. आत्ताचं नाही, इतक्या वर्षांचं. गरज असो नसो, सगळ्यांना देत गेलात. मरणारे जंत मरून गेले, उरले ते हे औषध पचवणारे. आता तुमच्या सगळ्या तबेल्यात तेच आहेत."

म्हाताऱ्यानं ज्या हातानं इतकी शिंगरं जगवली, त्याच हातानं हे जंत पोसले होते.

"मग बाकीच्यांना काय देऊ?"

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं.

"तुम्ही आता काही देऊ नका, बाबा," ती हळूच म्हणाली. रागानं म्हणाली असती, तर त्याला निदान भांडता तरी आलं असतं.