शेपूट बाहेर

गुडघे कुरकुरायला लागले तसं क्लेमंट आणि व्हर्ना या दुबिकी नवरा-बायकोने जिन्याचं घर विकलं आणि अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बैठं घर घेतलं. सगळं सामान मावलं. अडली ती एकोणसाठ सालची कॅडिलॅक गाडी. फिकट गुलाबी रंग, पलंगाएवढं बॉनेट, मागे माशासारखे दोन उंच पर आणि त्यांत टोकदार लाल दिवे. नाक भिंतीला टेकलं तरी गॅरेजचं दार लागेना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

"बाबा, विका आता," मुलगी रेनाटा म्हणाली. "बर्फात गंजून जाईल."

क्लेमंटने मान डोलावली. गिऱ्हाईक शनिवारी दुपारी येणार असं ठरलं. त्यानंतर मात्र त्याचं जेवणावरून मन उडालं. रोज जुना सदरा घेऊन तो गाडी पुसत बसे. व्हर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राही.

शनिवारी सकाळी क्लेमंटला जाग आली ती करवतीच्या आवाजाने. व्हर्ना सुताराची लेक. गॅरेजच्या मागच्या लाकडी भिंतीवर खडूने आखून ती कापत होती.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"भोक पाडतेय. तुझ्या लाडकीच्या शेपटासाठी."

"तूच तर तिला सवत म्हणायचीस!"

"म्हणायचे. पण पन्नास वर्षं एका घरात नांदलो. म्हातारपणी हाकलून देऊ होय तिला? जा, त्या माणसाला फोन कर, येऊ नकोस म्हणावं."

क्लेमंट फोनकडे जवळजवळ धावलाच.

मग त्याने गाडी उलटी आत घेतली. व्हर्ना मागच्या वाफ्यात उभी राहून ओरडत होती, "ये, ये, अजून ये... थांब! टोमॅटो!" भिंतीतून दोन्ही पर डौलात बाहेर आले. पुढचं दार खटकन लागलं. क्लेमंटने ब्रेक दाबला आणि लाल दिवे झळकले.

कुंपणापलीकडून शेजारच्या ओटिसने टोपी काढली. "व्हर्ना, तुझ्या घराला पंख फुटले की काय?"

"फुटले! ये, बस."

तो घडीची खुर्ची घेऊनच आला. त्याच्यामागून त्याची बायको, मग समोरची दोघं. प्रत्येकाला आपल्या बापाची गाडी आठवत होती, आणि प्रत्येकाच्या बापाची सगळ्यात लांब होती.

रेनाटा आली ती भांडायच्या तयारीने. भिंतीकडे बघितलं, आईच्या केसांतला भुसा बघितला, आणि तिला हसू आवरेना.

"शेपटावर छप्पर तरी घाला," ती म्हणाली. मग बूट काढून गाडीच्या मागच्या सीटवर पाय पसरून बसली. "बाबा, नदीपर्यंत चला ना."

गॅरेजचं दार उघडलं, गाडीच्या काचा खाली झाल्या. व्हर्नाने डोक्याला रुमाल बांधला आणि पुढे नवऱ्याशेजारी जाऊन बसली.