पायथ्याची फेरी

बाटली उन्हासमोर धरली, तेव्हा पितांबरनानाला आधी वाटलं, आपले डोळेच गेले. त्याने बाटली उपरण्याने पुसली आणि पुन्हा धरली. पाणी गढूळच होतं. कुणी त्यात दुधाचा थेंब सोडावा आणि तो पुरता विरघळू नये, तसं.

ढवळीच्या खाणीवर नाना गाळतळ्याचा मुकादम होता. टेकडीतून पांढरी माती काढायची, पाण्यात धुवायची, चांगली ती वाळवून पोत्यांतून जळगावला पाठवायची आणि उरलेला राडा दोन टेकड्यांमधल्या खोलगटात सोडून द्यायचा, असं तिथलं काम. राडा अडवायला मुरमाची पाळ घातलेली होती. दर उन्हाळ्यात ती हातभर उंच करावी लागे. नऊ वर्षांत पाळ तीन पुरुष उंच झाली आणि नानाचा तोराही तिच्याबरोबर वाढत गेला. कागदोपत्री पाळ हस्तीमल शेठची होती, पण गावात कुणालाही विचारलं तर तो नानाकडे बोट दाखवी. लग्नाच्या पंगतीत बसला तरी नाना पाळीचंच बोले. पायथ्याशी झिरपून कशी मऊ, लोण्यासारखी माती साचली आहे, हे तर त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं, की वाढपी त्याच्या पानापुढून पाय उचलून जात.

बाटलीची युक्ती त्याला जहांगीर ओव्हरसियरने शिकवली होती. जहांगीर धुळ्याचा, वयाने नानापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण सरकारी धरणांवर काम करून आलेला. मातीची पाळ म्हटली की ती पाझरणारच, त्याला भ्यायचं नाही, असं तो म्हणे. पाझराचं पाणी पायथ्याच्या वाळू-खडीतून गाळून नळीने बाहेर येतं. ते रोज बाटलीत धरून बघायचं. स्वच्छ असेल तर निवांत झोपायचं. पाण्याबरोबर माती येऊ लागली, तर पाळ आतून पोखरली जाते आहे असं समजायचं आणि पळत सुटायचं.

नाना पळाला नाही. गेले पंधरा दिवस त्याचा गुडघा धरला होता. रोजच्या दोन फेऱ्यांपैकी माथ्यावरची तो करी, वाटेजवळच्या नळीच्या तोंडाशी बाटली भरी आणि पायथ्याची फेरी उद्यावर टाकी. आज मात्र काठी टेकत तो पायथ्यानेच निघाला. बाभळीच्या झुडपांमागे पाळ जरा वळते. तिथे येऊन तो थांबला.

पाळीच्या पायात एक खड्डा होता. खड्डा कसला, बैल बसेल एवढी खोलीच. कडेने खुरप्यांचे ओरखडे होते. वाळू-खडीचा थर एका बाजूला उपसून टाकलेला, आणि तळाशी बोटभर झरा, पांढरट, हळूच उकळल्यासारखा. ओरखडे पाहताच नानाला सगळं समजलं. आखाजी चार दिवसांवर आली होती. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि त्याआधी ढवळीतल्या बाया पांढऱ्या मातीने घरं सारवतात. पूर्वी त्या टेकडीवरून माती आणत. टेकडीला खाणीची तार लागली, तेव्हापासून त्यांनी कुठून आणायची, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

झऱ्याच्या कडेला एक चुंभळ पडली होती, डोक्यावर पाटीखाली ठेवायची ती. नानाने ती काठीने उचलली. खाकी कापडाची होती. खाणीने दिलेला सदरा काखेत फाटला तेव्हा त्याने स्वतः काळ्या दोऱ्याने घातलेला टाका तिच्यावर होता. त्याने चुंभळ खिशात घातली. 

त्याचं घर नाल्याकाठी, पाळीच्या खालच्याच वस्तीत होतं. वस्तीत चाळीस घरं. त्याची बायको भुराबाई दारापुढची भिंत सारवत होती. अर्धी भिंत झाली होती आणि ती डोळ्यांत भरेल अशी पांढरीशुभ्र दिसत होती. नानाने विचारलं, "कोठून आनी ही माती?"

भुराबाईने वळूनही पाहिलं नाही. "तुम्हीच तं सांगेल व्हतं, पाळना पायजोडे लोनीसारखी माती शे. टेकडीले तार लाई दिधी. मंग आननी कोठून? पोर दोन वरीसनी येई ऱ्हायनी, लेकरू लिसन. तिनी काय काळी भित देखानी का?"

नाना खाली बसला. तो ओरडेल असं तिला वाटलं असावं, कारण तिने खांदे आधीच आवळून घेतले. पण ओरडण्याइतका राग नानाजवळ नव्हता. होतं ते नुसतं भय.

"भुरे," तो म्हणाला, "त्या लेकरूले कोठे निजाडशी? आठेच ना? पाळना खाले?"

भिंतीवर फिरणारा हात होता तिथे थांबला. मग ती हळूहळू सगळं बोलली. पहिली पाटी तिचीच होती. ती पाहून शेजारणीने विचारलं, तिने जागा दाखवली, आणि दुपारी नाना जेवून पडला की बाया पायथ्याशी जाऊ लागल्या. पंधरा दिवस हेच चाललं होतं. म्हणजे नानाचा गुडघा धरला, तेव्हापासूनच.

खाणीच्या कचेरीत जहांगीरने बाटली पाहिली आणि हातातला चहा तसाच ठेवून दिला. त्याने धुलाईचे पंप बंद करवले, तळ्यावरचं पाणी सांडव्याने दुसऱ्या ओहोळात सोडलं आणि नाल्याकाठची चाळीस घरं उंचावरच्या शाळेत हलवली. हे सगळं त्याने तासाभरात केलं. मग नानाने खिशातली चुंभळ काढून त्याच्या टेबलावर ठेवली. ती कुणाची, तेही सांगितलं.

फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं, की पाळीला हत्यार लावील त्याच्या घरचा माणूस कामावर राहणार नाही. ती पाटी गावात वाचून दाखवणारा नानाच होता. जहांगीरने चुंभळ परत त्याच्याकडे सरकवली. "खिशात ठेवा नाना. मी लिहितो, कुणी खणलं ते माहीत नाही. तुमच्यासारखा माणूस पाळीला पुन्हा मिळायचा नाही."

"नही साहेब, लिवा," नाना म्हणाला. "भुराबाई पितांबर, असं लिवा. आनि हाई बी लिवा, का मुकादम पंधरा दिन पायथाले फिरना नही."

जहांगीरने टाक उचलला. 

आता माणसं हवी होती, आणि खाणीचे मजूर सणासाठी गावोगाव पांगले होते. नाना शाळेत गेला. बाया गाठोडी घेऊन बसल्या होत्या.  पाट्या घेऊन नाल्यात चला, वाळू भरायची आहे, एवढंच त्याने सांगितलं. सगळ्यात आधी भुराबाई उठली. ती सरळ घरी गेली आणि उरलेली पांढरी माती पाटीत भरून पाळीशी घेऊन आली. जहांगीरने तिला अडवलं. मातीने झऱ्याचं तोंड बुजलं तर पाणी दुसरीकडून फुटेल, असं त्याने समजावलं. पाण्याला वाट द्यायची, मातीला द्यायची नाही. म्हणून आधी वाळू, वर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि शेवटी दगड. भुराबाईने ती पाटी बाजूला ओतली आणि वाळूला गेली.

दोन दिवस साठ बाया नाल्यातून पाळीपर्यंत आणि पाळीपासून नाल्यापर्यंत चालत होत्या. गुडघ्याला फडकं बांधून नाना खड्ड्यात उभा होता आणि प्रत्येक पाटी कुठे पडायची ते काठीने दाखवत होता. एकदा पावलाखालची वाळू थरथरली, तेव्हा जहांगीर त्याला वर बोलावू लागला. नानाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पाळ त्याची होती, आणि तिच्यापुढे आपण अजून उभे राहू शकतो, याचा त्याला भलताच जोर चढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दगडांचा शेवटचा थर बसला. संध्याकाळच्या बाटलीत तळाशी फक्त एक पांढरी रेघ होती.

हस्तीमल शेठ जीपने आले. त्यांनी पाळ पाहिली, अहवाल वाचला आणि ते बराच वेळ फाटकावरच्या पाटीखाली उभे राहिले. जहांगीर नानाची बाजू मांडत होता आणि शेठ मान हलवत होते. शेवटी ते म्हणाले, "पितांबर, तुला घरी नाही बसवत. पण पाळीवर तू नाही. उद्यापासून भिकन. तू फाटकावर बस."

नाना म्हणाला, ठीक. त्याने एकच गोष्ट मागितली, की दरसाल आखाजीच्या आधी आठ दिवस बायांना टेकडीवर जाऊ द्यावं. शेठ जातीचे व्यापारी, त्यांनी आठाचे चार केले. पण पाटीवर ते लिहवून घेतलं, तिथेच उभं राहून.

आखाजीच्या आदल्या दिवशी माणसं घरी परतली. सणाच्या सकाळी त्यांची लेक कोकिळा लेकरू कडेवर घेऊन एस्टीतून उतरली. चुलीवर खापर तापलं होतं, भुराबाई मांडे करत होती. दारात येऊन कोकिळा थबकली. भिंत अर्धी पांढरी होती, अर्धी काळी, आणि मध्ये हात थांबल्याची वळणदार कड. तिने विचारलं, "माय, भित अर्धीच कशी?" भुराबाई खापराकडे बघत म्हणाली, "पुढला साले पुरी करसू." कोकिळाने झोपलेलं लेकरू आत भिंतीशी ठेवलं आणि ती आईच्या हाताशी बसली.

इतक्यात पाळीवरचा नवा मुकादम भिकन आला. तरणा गडी, काल दिलेली बिल्ल्याची टोपी डोक्यावर मोठी होत होती. त्याच्या हातात बाटली होती. तो म्हणाला की पाणी भरलं खरं, पण आपल्याला काही उमगत नाही, नानांनी एकदा बघावं.

नानाने बाटली घेतली. ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, म्हणून त्याने ती भिंतीसमोर धरली. पाण्यातून पांढरं दिसलं, काळं दिसलं, आणि दोहोंमधली भुराबाईच्या हाताची कड, बोटांच्या रेघांसकट.

"चोख शे," त्याने सांगितलं आणि बाटली भिकनच्या हातात परत दिली. "पायथावरथीन उना ना?"

भिकनने खाली पाहिलं.

"जाय," नाना म्हणाला. "आधी ती फेरी कर. मंग जेवाले ये."

भिकन निघाला. तो नाल्याची वाट सोडून पाळीच्या पायथ्याकडे वळेपर्यंत नाना दारात उभा राहिला. त्याची पावलं सवयीने दोनदा उंबऱ्याबाहेर पडली होती. मग तो आत वळला, आणि लेकरू झोपलं होतं तिथे भिंतीला टेकून बसला.