सांघिक पहिला

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सायकल शर्यतींचं वेड वडिलांकडून आलं होतं. तीन आठवडे घाटा-डोंगरांतून चालणारी ती मोठी शर्यत अप्पा तिला लहानपणी शेजारी बसवून दाखवायचे. संघ त्यांनी एकच धरला होता, हिरव्या जर्सीवाल्यांचा. तीस वर्षांत त्या संघाचा एकही गडी शर्यत जिंकला नव्हता, पण अप्पा हटले नाहीत. आता काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. रोज कामावरून सुटली की ती त्यांच्या खोलीवर जाऊन दिवसाचा टप्पा तोंडी सांगायची.

यंदा मात्र हिरव्यांचा एक गडी दुसऱ्या क्रमांकावर होता, पहिल्यापासून जेमतेम चाळीस सेकंद मागे. तोही कप्तान नव्हे. बारा वर्षं दुसऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहिलेला, छत्तिशीचा. ती त्याला बैल म्हणायची. अप्पांना तर सतरा दिवस धड झोप नव्हती. हाच, हाच, असं ते पुटपुटत राहायचे.

अठराव्या टप्प्याला शेवटचा मोठा घाट होता. साबणाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर ती बघत होती. माथा तीन किलोमीटरवर असताना बैलानं आघाडीवाल्याला मागे टाकलं. तेवढ्यात खाली कुठेतरी, चौथ्या क्रमांकावर असलेल्या कप्तानाचं चाक पंक्चर झालं. बैलानं कानातल्या वायरलेसवर हात ठेवला, संघाच्या गाडीतून आलेला हुकूम ऐकला, नकारार्थी मान हलवली. पुन्हा ऐकलं. मग पाय जमिनीला टेकवून तो कप्तानाची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आघाडीवाला त्याच्या शेजारून पुढे निघून गेला, मग आणखी एक, मग अख्खा घोळका.

जळका वास आला तेव्हा तिनं इस्त्री उचलली. चादरीवर तपकिरी डाग पडला होता. मुकादम बाई काय बोलल्या ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. त्या दिवशी ती अप्पांकडे गेली नाही. डोकं दुखतंय असं शेजारणीकडून कळवलं, पुढचे दोन दिवसही तेच.

संघ म्हणजे काय, हे ती स्वतःला समजावत होती. एकानं वारा अंगावर घ्यायचा म्हणून दुसरा जिंकतो, हे तिला पाठ होतं, आवडतही होतं. पण ज्याच्यासाठी थांबवलं तो कप्तान त्या घाटातच ढेपाळला. बैलाला खाली ओढून त्याला काही वर चढता आलं नाही. मग कुणाचं भलं झालं?

शनिवारी धाकट्या दिराचा फोन आला. तो नेहमी श्रीमंत संघाच्या बाजूचा. "वहिनी, अभिनंदन," तो म्हणाला. "सांघिक पहिला नंबर तुमचाच." रोज प्रत्येक संघाच्या पहिल्या तिघांच्या वेळेची बेरीज होते, त्यात हिरवे वर आले होते आणि आता एकच टप्पा उरला होता. तो चिडवत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

रविवारी शर्यत संपली, आता जाणं टाळता येईना. अप्पा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसले होते. शेजारणीला त्यांनी काही विचारलं नव्हतं. बातमी लेकीच्याच तोंडून ऐकायची होती. टीव्हीवर बक्षीस समारंभ चालू होता, निवेदक त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलत होता.

"सांग," ते म्हणाले. "जिंकले का?"

खोटं तिच्यानं बोलवेना, आणि खरंही. "हिरवे मंचावर आहेत, अप्पा," ती म्हणाली. "आठही जण."

अप्पांचा चेहरा क्षणभर उजळला, मग त्यांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं शर्यती पाहिलेला माणूस. आठ जण एकत्र कधी उभे राहतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"सांघिक," ते म्हणाले. "तो कितवा आला?"

"नववा."

"थांबवला त्याला?"

"हो."

पडद्यावर सात जण हात उंचावत होते. बैल कडेला उभा होता. हातातला पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे त्याला उमगत नव्हतं. हे तिनं अप्पांना सांगितलं नाही.

अप्पांनी शर्टाची वरची दोन बटणं चाचपडत काढली आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले. "पुढच्या वर्षी नको सांगूस," ते म्हणाले. "आता पुरे."

तिनं टीव्ही बंद केला. ती पलंगाच्या काठावर बसून राहिली, आणि अप्पा जागे आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं.