अक्षदाच्या वाट्याचं कार्ड

मालनला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठी अक्षरंसुद्धा ती नात पहिलीत गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून शिकली होती. पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. नातीला शाळेतून मिळालेल्या इंग्रजी शब्दाच्या कार्डावर दोरीला वाळत घातलेले बोंबील होते.

"खाली काय लिहिलंय गो?"

अक्षदा पुटपुटली, "स्टिंक. म्हणजे खूप घाण वास. सुक्या मासळीला येतो तसा."

शनिवारी पालकांसमोर प्रत्येक मुलाने आपलं कार्ड धरून शब्दाचा अर्थ सांगायचा होता. कुणाला फूल आलं, कुणाला ढग. अक्षदाच्या डब्यात सुकट असते म्हणून बाईंनी हे कार्ड मुद्दाम तिला दिलं आणि अख्खा वर्ग हसला. आता तिला शनिवारी शाळेत जायचंच नव्हतं. डब्यातही जाम लावलेली चपाती हवी होती.

मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिरणी बंद पडली तेव्हा याच सुकटीवर तिने पोरं वाढवली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती परळच्या शाळेत, थेट वर्गात जाऊन उभी राहिली.

सुरुचीबाई शिवाजी पार्कच्या, बोलायला गोड. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका आजी, सोपा अर्थ आणि ओळखीची वस्तू दिली की शब्द मुलांच्या लक्षात राहतो.

"ओळखीची कुणाच्या?" मालन म्हणाली. "या वासाने आमच्या पोरीला भूक लागते. घाण कुणाला वाटतो, तेपण लिहा ना खाली."

बाई म्हणाल्या, कार्डं छापूनच आलीत, आता काय करणार?

"अक्षदा, बूट काढ."

दिवसभर मैदानात उंडारलेल्या पोरीने बूट काढला. मालनने तिचा मोजा चिमटीत धरून टेबलावर, डस्टरच्या शेजारी ठेवला. बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"ही वस्तू सगळ्यांच्या ओळखीची. तुमच्या घरीपण असेल."

बाईंनी नाकाला रुमाल लावला. माफी काही मागितली नाही. बोंबलांवर कोरा कागद चिकटवला आणि रंगीत खडूंची पेटी पुढे केली. अक्षदाने त्यावर हिरव्या वाफा निघणाऱ्या मोज्याचं चित्र काढलं आणि पहिल्यांदा हसली.

मालन हसली नाही. तिने विचारलं, शेजारच्या वर्गालाही हेच कार्ड आहे का? बाई हळूच म्हणाल्या, आहे.

"मग आणखी कागद काढा," मालन म्हणाली आणि पुढच्या बाकावर ऐसपैस बसली.

अक्षदाने दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.