तोंडी परीक्षेची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हटलं की लगेच नाक मुरडू नका. माझं लाकूड अस्सल सागाचं, आणि मला घडवणाऱ्या सुताराने एकही खिळा ठोकला नाही. सगळे सांधे खाचेत बसवलेले. आताच्या त्या चाकांच्या खुर्च्या, ढकलाल तिकडे जातात. मला कुणी ढकललं तर मी आधी कुरकुरते, मग सरकते.

विद्यापीठाच्या कायदा विभागात, विभागप्रमुखांच्या टेबलासमोर माझी जागा होती. तोंडी परीक्षेला येणाऱ्याने माझ्यावरच बसायचं, अशी तिथली रीत. माझ्यावर घाम पुसत बसलेली माणसं पुढे वकील झाली, न्यायाधीश झाली. भेटायला आली की माझ्या हातावर थोपटून म्हणायची, "हिनेच पास केलं आम्हाला." मला अक्षरओळख नाही, पण मानाची ओळख आहे. तो मला भरपूर मिळाला.

मग एक पोर आली. बुटकी, बोलायला फटकळ. चप्पल काढून पाय माझ्या आडव्या दांडीवर ठेवायची. तिच्या गावच्या नदीवर एका परदेशी कंपनीने पूल बांधला होता. वर्षभरात त्याला तडे गेले आणि तो बंद झाला. तिची आई पलीकडच्या काठावर शिलाईच्या कारखान्यात कामाला. आता तिला भल्या मोठ्या वळशाने जावं लागे. तो कच्चा पूल कुणाचे हात ओले करून पास झाला आणि असल्यांना कुठला कायदा धरू शकतो, यावर पोरीचं संशोधन होतं.

विभागप्रमुख तासाला गेलेले असताना आईचा फोन आला की पोर त्याचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवायची.

"धरलं का गं कुणाला?"

"आई, लाच देणारे एका देशातले, घेणारा आपला, आणि पैसा तिसऱ्याच देशात. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो."

"म्हणजे सासरचे म्हणतात माहेरी विचारा, माहेरचे म्हणतात सासरी विचारा, आणि दागिने मावशीच्या कपाटात."

"आणि मावशी म्हणते, कपाट उघडणं आमच्या नियमात बसत नाही."

दोघी हसायच्या. मग आई हळूच म्हणायची, "तू लिही बाई. निदान आमच्या पुलाचं कुठेतरी लिहिलेलं राहू दे."

पोरीने लिहिलं. तिन्ही देशांचे कायदे, त्यांच्यातले करार, आणि एक अख्खं प्रकरण पुलाचं. विभागप्रमुख सरच तिचे मार्गदर्शक. वाचून ते म्हणाले, "याला म्हणतात काम." खुर्चीला कान नसतात असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटू द्या.

त्यानंतर विभागाला देणगी मिळाली. नवी टेबलं, नवी कपाटं, चाकांच्या खुर्च्या. देणारी संस्था त्या पूलवाल्या कंपनीचीच. तिच्या नावाची पाटीही आली. मग सरांनी पोरीला बोलावलं.

"प्रबंध उत्तमच आहे. फक्त पुलाचं प्रकरण तेवढं काढू या."

"पुरावे कमी पडतात का, सर?"

"कमी पडले असते तर सोपं झालं असतं." सरांनी चष्मा काढला. "बाळ, तू आधी पास हो. नंतर सगळं लिहायला आयुष्य पडलंय."

पोरीने माझे दोन्ही हात घट्ट आवळले. सरांना चार शब्द सुनवावेत असं माझ्या फार मनात आलं. पण माझी जीभ कसली, नुसती लाकडं. मी कुरकुरले.

सर म्हणाले, "ही खुर्चीही आता बदलायला झाली."

घ्या.

परीक्षेच्या दिवशी पोर लवकर आली. माझा मागचा पाय झिजला होता आणि मी डुगडुगत होते. शिपाईकाका पुठ्ठा शोधू लागले.

"राहू द्या काका, माझ्याकडे आहे." तिने प्रबंधातून वगळलेलं पुलाचं प्रकरण पिशवीतून बाहेर काढलं, त्याची घडी घातली आणि माझ्या पायाखाली सारली. "एवढ्या तरी कामाला येऊ दे."

परीक्षा झाली. मी तसूभर हलले नाही, आणि पुलाबद्दल कुणी एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर जाण्याआधी पोरीने आईला फोन लावला.

"पास झाले, आई."

"होणारच होतीस. पुलाचं आलं ना त्यात?"

पोर माझ्या पायाकडे बघत बसली. फोन हातातच होता.

आता मी जिन्याच्या वळणावर असते. काकांनी मला पायाखालच्या घडीसकट इथे आणून टेकवलं. मांडीवर मोडका पंखा. येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या ठेवतात. पोर पुन्हा आली नाही. सर रोज जिना चढतात, आणि माझ्यापाशी आले की त्यांना घड्याळ बघायचं आठवतं.

मित्रांनो, वस्तू जपा हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते, खुर्ची डुगडुगली तर तिच्याखाली कागद सारू नका. तिला उलटी करा, पाय बघा, सुताराला बोलवा. कागदाने डुगडुग थांबते, झिजलेला पाय वाढत नाही.

रोज सकाळी इथली फरशी पुसली जाते. ओलं फडकं माझ्या पायाला लागतं आणि घडीची कड आणखी थोडी भिजते. मला पाय उचलता येत नाही. तुम्ही कधी या जिन्याने आलात, तर मला जरा कलती करा. मधली पानं अजून कोरडी असतील.