बिस्किटच्या आपट्या

एल्मो टॅकेटने रंगवलेला बिस्किट पडद्यावर एकूण एकोणचाळीस वेळा खेचरावरून पडला, आणि त्यातल्या एकाही वेळी एल्मो स्वतः पडला नव्हता. एल्मोच्या हिशेबाने हे गुपित दोन माणसांना आणि एका खेचराला ठाऊक होतं. त्यातली एक, एल्मोची बायको ओडेसा, तीन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली. खेचराचं नाव सेनेटर. ते कुणाशी बोलत नसे. उरला एल्मो, आणि त्याचं तोंड पोस्टरनेच शिवून टाकलं होतं. बिस्किटच्या दाढीवाल्या तोंडाखाली दर वेळी ठळक अक्षरांत छापलेलं असे: ‘सगळ्या आपट्या खऱ्या! सगळ्या त्याच्याच!’

एल्मो मूळचा नाटक कंपनीतला विनोदी नट. त्याने नुसते डोळे फिरवले तरी शेवटच्या रांगेतला माणूस खुर्चीवरून घसरायचा. पण जनावराचं नाव काढलं की याची गाळण उडायची. कोंबडी अंगावर आली तरी तो दोन पावलं मागे सरकायचा. बोलपट आले, नाटकांची थेटरं ओस पडली, आणि पोट पाठीला लागलेल्या अवस्थेत तो कॅलिफोर्नियात वॉल्टर प्रूइटच्या दारात येऊन उभा राहिला. प्रूइट सहा दिवसांत एक घोडेस्वारांचा सिनेमा पाडायचा. त्यात पांढऱ्या टोपीचा नायक, त्याचा शहाणा घोडा, आणि या दोघांच्या शेजारी एक येडा. हा येडा म्हणजे बिस्किट. त्याचं काम एकच: आपण बुटकं दिसायचं, म्हणजे नायक उंच दिसतो.

प्रूइटने त्याला बघितलं, हसला आणि लगेच हसू आवरलं. “चेहरा चालेल. पण डुप्लिकेट-बिप्लिकेट मिळणार नाही. पडायचं तर स्वतः पडायचं. जमेल?”

“जमेल की साहेब,” एल्मो म्हणाला. उपाशी माणसाला काय जमत नाही?

पहिल्या दिवशी ओडेसा त्याचा डबा घेऊन आली, तेव्हा तो चाऱ्याच्या शेडमागे घामाघूम होऊन बसला होता.

“काय रे, नुसतं खेचर बघून पांढरा पडलायस! बसणार कसा त्याच्यावर?”

“डेसी, मी घरी जातो.”

“घरी काय आहे? रिकामं कपाट. काढ तो शर्ट. दाढीपण दे इकडे.”

“अगं, कळेल सगळ्यांना!”

“कॅमेरा तिकडे टेकडीवर. इतक्या लांबून दाढी दिसते आणि शर्ट दिसतो. आतला माणूस कोण बघतंय, खुळ्या?”

ओडेसाने अकरा वर्षं ओक्लाहोमातल्या एका घोड्यांच्या सर्कशीत धावत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहून पोट भरलं होतं. सर्कस बुडाली, पण अंगातली कला थोडीच बुडते! चौकड्यांचा शर्ट आणि खोटी दाढी चढवून ती सेनेटरवर बसली, शेडला वळसा घालून कॅमेऱ्यासमोर दौडत गेली, आणि खेचराच्या पुठ्ठ्यावरून मागच्या मागे अशी काही कोसळली की टेकडीवरचे लोक पोट धरून हसले. लगाम मात्र उजव्या हातातून सुटला नव्हता. धूळ खाली बसायच्या आत तिने डावा हात वर केला.

ही सर्कशीतली जुनी रीत. रिंगणात धुळीचा लोट उठला की पडलेला स्वार दिसत नाही. म्हणून तो उठण्याआधी डावा हात वर करतो: हाडं जागेवर आहेत, बँड थांबवू नका. ओडेसाने सवयीने केलं. शेडमागे एल्मोने एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

“ते हात वर करायचं झकास होतं, टॅकेट!” दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला. “दर वेळी कर!”

चार वर्षांत ओडेसा अठरा वेळा पडली. गावोगावची पोरं शाळेच्या मैदानात पडली की रडायच्या आधी डावा हात वर करू लागली. एल्मो दौऱ्यावर गेला की पोरं विचारत, “बिस्किटकाका, तुम्ही पडता कसे हो?” तो डोळे फिरवून म्हणे, “अगदी खाली!” पोरं हसत. आणि त्याला हॉटेलात जेवण जात नसे.

ती गेल्यावर तो प्रूइटकडे गेला आणि गुडघा निकामी झाल्याची थाप मारली. प्रूइट म्हणाला, “मग पडतोस कशाला? अठरा आपट्या फिल्मच्या डब्यात पडल्यात. त्याच फिरवून फिरवून लावू. फक्त तोच शर्ट आणि तीच टोपी घालत जा, म्हणजे जुन्याला नवं जुळेल.” तेव्हापासून एल्मो तो शर्ट जिवापाड जपत होता. कोपर फाटलं तर स्वतः रफू करायचा.

आणि दर शनिवारी दुपारी, पोरांच्या खेळाला, तो मागच्या रांगेत जाऊन बसायचा. आपले स्वतःचे विनोद त्याला ऐकू येत नसत. आपटी आली की हातातले दाणे हातातच राहायचे. धुळीतून डावा हात वर यायचा. मी ठीक आहे. मग एल्मो टोपी घालून उठायचा आणि घरी जायचा. दुसरी कसली देवपूजा त्याला माहीत नव्हती.

मग प्रूइटने गाणारा नायक आणला.

“सगळं नवं करायचं,” प्रूइट म्हणाला. “तुला निळा कोट आणि उंच काळी टोपी. तो कळकट शर्ट टाक आता.”

“साहेब, मग जुन्या आपट्या जुळणार नाहीत.”

“न जुळू देत! नव्या घेऊ. गुडघा बरा झाला असेल की एव्हाना.”

“शर्ट राहू दे ना साहेब. पोरांना तोच आवडतो.”

“पोरांना काय आवडतं ते मला शिकवू नकोस. सोमवारी निळा कोट.”

एल्मो तडक फर्न ड्वायरच्या खोलीत गेला. फर्न दिवसभर काळोख्या खोलीत फिल्म कापायची आणि जोडायची. मोठी फटकळ बाई.

“फर्न, त्या आपट्यांचे डबे कुठे जातील?”

“जातील कुठे? भंगारात. फिल्मवरची चांदी काढून घेतात.” तिने कात्री खाली ठेवली. “तुझ्या बायकोला कुणी सांगायला हवं होतं, की पडताना एवढं सुंदर पडू नये.”

एल्मो मटकन स्टुलावर बसला. “तुला माहीत होतं?”

“सात वर्षं तुझं तोंड आणि तिची आपटी मी या हातांनी चिकटवतेय. तू उजवीकडे झुकून चालतोस, ती सरळ. मला डोळे आहेत, टॅकेट.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलला नाहीस, मी कशाला बोलू? पण आता बोल. नाहीतर ती भंगारात गेली म्हणून समज.”

सोमवारी टेकडीखाली सगळे जमले. एल्मो निळ्या कोटात उभा होता, सेनेटर म्हातारं होऊन शेजारी पेंगत होतं. प्रूइट स्वतः आला होता. एल्मोने काळी टोपी काढली आणि छातीशी धरली.

“साहेब, त्या आपट्या माझ्या नाहीत. एकही नाही. सगळ्या माझ्या बायकोच्या, ओडेसाच्या. माझी दाढी लावून तीच पडायची.”

मग दिग्दर्शक फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागून सगळी टेकडी. गाणारा नायक तर गिटारीवर कोसळला.

“बायको! दाढी लावून!” प्रूइट डोळे पुसत म्हणाला. “अरे, हे सिनेमात घाला कुणीतरी!”

आयुष्यभर ज्याच्या तोंडाकडे बघून लोक हसले, त्याने खरं सांगितलं तर कोण ऐकणार? एल्मोला राग आला. स्वतःसाठी नव्हे, ती अठरा वेळा त्या दगडांवर पडली होती, आणि हे हसत होते.

“कॅमेरा चालू करा,” तो म्हणाला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी एल्मो टॅकेट पहिल्यांदा खेचरावर चढला. तेही दोन वेळा घसरून. सेनेटरने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. हा कोण परका, असं त्याला वाटलं असावं. एल्मोने डोळे मिटून टाच मारली. खेचर चार ढांगा पळालं आणि तो पडला. मागे नाही, गोल नाही, कशाचाच थाट नाही. बाजूला कलंडला, लगाम सुटला, एक पाय क्षणभर रिकिबीत अडकला आणि पोतं पडावं तसा खांद्यावर आपटला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बघवत नव्हतं.

कुणी हसलं नाही. गिटार थांबली.

धुळीत एल्मोला काहीच दिसत नव्हतं. खांदा पेटला होता. आजवर त्याला वाटायचं, हात दिसला की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, एवढंच. आता खाली पडून त्याला कळलं, की आपली वाट बघणारं कुणीतरी आहे हे माहीत असल्याशिवाय हात वर येतच नाही. ती दर वेळी शेडकडे बघून हात वर करत होती. आज शेडमागे कुणी नव्हतं. हात जमिनीवरच राहिला.

“टॅकेट!” बाईचा आवाज आला. फर्न कात्रीसकट धावत येत होती. “टॅकेट, मेल्या, हात वर कर ना!”

त्याने डावा हात वर केला.

प्रूइट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग खाली बसला. प्रूइटला कुणी धुळीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे ती खरंच...” तो म्हणाला. “सगळ्या अठरा?”

“सगळ्या.”

“आणि मी त्या बाईला एक वेळचा चहासुद्धा पाजला नाही.” त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. “अरे, जुना शर्ट आणा रे याचा! ही आपटी लावली तर पोरं रडतील.”

“आणि तिचं नाव, साहेब,” एल्मो पडल्यापडल्या म्हणाला.

“नाव? सात वर्षं मी पोस्टरवर काय छापतोय ठाऊक आहे ना? लोक जोड्याने मारतील मला.”

“नाव नसेल तर बिस्किटपण नाही.”

प्रूइट उठला आणि गाडीकडे निघून गेला.

दोन महिन्यांनी, शनिवारी दुपारी, एल्मो खांद्याला पट्टा बांधून मागच्या रांगेत बसला. पडद्यावर गाणाऱ्या नायकाचं नाव आलं. मग त्याच्या घोड्याचं. मग एल्मोचं. आणि त्याखाली, सेनेटरच्या नावाच्या बरोबर वर, बारीक अक्षरांत: ‘बिस्किटच्या आपट्या: ओडेसा टॅकेट’.

पोरांनी ते वाचलं नाही. पोरं नावं वाचत नाहीत. ती आरडाओरडा करत एकमेकांवर दाणे फेकत होती. पण आपटी आली तशी सगळी गप्प झाली. ओडेसा पुठ्ठ्यावरून मागे गेली, धूळ उडाली, हशा फुटला, आणि धुळीतून हात वर आला. त्याबरोबर अंधारात तीनशे पोरांचे डावे हात वर झाले.

एल्मोने आजवर तिथे कधी हात वर केला नव्हता. आज केला. खांदा ठणकला तरी त्याने तो खाली घेतला नाही, आणि त्या दिवशी तो सिनेमा संपेपर्यंत बसला.