आत्यांना काय काय जमतं

आमच्या सासूबाई नागुबाई, मी त्यांना आत्या म्हणते, कुणापुढे हार मानतील तर शपथ. कंबर मोडून तीन वर्षं झाली, मी नेल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही, पण कुणी विचारलं की म्हणणार, "पाय जरा आखडलाय."

बरं, परगावी नोकरीला असलेल्या आमच्या ह्यांनी वेळेवर त्यांचा विमा काढून ठेवला होता. अंघोळ, कपडे, जेवण, चालणं अशा सहा कामांपैकी तीन जरी स्वतःची स्वतः जमली नाहीत, तर सांभाळणाऱ्या बाईचा पगार कंपनी देणार. गावातली जगदेवी त्या कामाला यायला तयारच होती. आणि मला लातूरला मुलींच्या वसतिगृहावर नोकरी लागली होती, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली! सोमवारी हजर व्हायचं. मी चाकूरच्या घरात एकटीच गाणी म्हणत फिरत होते.

गुरुवारी कंपनीचे डॉक्टर तपासायला आले. आत्यांना मी एवढंच सांगितलं होतं, "साहेब येणार हायत, इचारतील ते सांगा." तुम्हाला काही जमत नाही असं सांगा, हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. इथंच मी माती खाल्ली.

"आजी, अंघोळ स्वतः करता?"

"हाव. रोज."

रोज! दोन हजार सोळाचा दुष्काळ, आठवड्याला एक टँकर, रोज अंघोळ करणारा माणूस अख्ख्या गावात सापडला नसता.

"साडी?"

"मीच नेसते की."

"चालता?"

"पळते!"

आणि बाजेवरून पाय खाली सोडून खरंच उभ्या राहिल्या. मी धावले तर मला कोपरानं ढकललं, एक पाऊल टाकलं आणि धप्पकन डॉक्टरांच्या मांडीवर बसल्या. डॉक्टरांचा चष्मा एकीकडे, कागद दुसरीकडे. मांडीवरूनच ऐटीत म्हणाल्या, "झालं का? लिवा, म्हातारी जिती हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा कागदं इकडची तिकडं गेली, आणि कुण्या कारकुनानं आत्यांच्या नावापुढं 'मयत' लिहिलं. मास्तर असलेल्या सासऱ्यांच्या मागं मिळणारी पेन्शन वर्षभर बंद. तेव्हापासून पिशवीवाला कुणीही आला की आत्यांना वाटतं, हयातीची तपासणी आली.

मला हसू आवरेना. "आत्या, हे पेन्शनचे न्हाईत! तुम्हाला जमत न्हाई असं निघालं तर जगदेवी येईल, मी नोकरीला जाईन."

"मग आधी बोलायचं की, येडे!" आम्ही त्यांना बाजेवर निजवलं. त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मला बोलता बी येत न्हाई."

डॉक्टर पोट धरून हसले. "आजी, खरं तेवढं सांगा."

आत्यांनी डोळे उघडले. मग हळू म्हणाल्या, "अंघोळ ही घालते. लुगडं ही नेसवते. मोरीला ही नेते. लाज वाटते, म्हणून सांगत न्हाई कुणाला."

डॉक्टरांनी कागदावर तीन कामांपुढं खुणा केल्या. "निकाल पंधरा दिवसांत कळेल," म्हणाले आणि गेले.

पंधरा दिवस! सोमवार चार दिवसांवर, आणि निकालाआधी जगदेवीला पगार कुठून द्यायचा? माझा चेहरा पडला.

"सोमवारी तू जायचं," आत्या म्हणाल्या.

"आन् तुमचं?"

"अंघोळ राहिली तर राहिली. दुष्काळच हाय, कोण वास घ्यायला येतंय?"

"आन् मोरीला?"

त्यांनी मान उचलली, खिडकीकडं तोंड केलं आणि पलीकडच्या शेजारणीला अशी हाळी दिली की अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, "शांतम्मे! सोमवारपासून मला मोरीला न्यायला ये गं! मला एकटीला जमत न्हाई!"